बा युनिव्हर्सिटी शोधत होता

मी मॅट्रिकच्या परीक्षेला बसावं असं साऱ्या अकोल्यात एकाच माणसाला वाटत होतं, आणि त्या माणसावर कुणाचाच विश्वास नव्हता. माझाही नव्हता.

तो आमच्या इंग्रजी शाळेवर नवा आलेला गोरा हेडमास्तर. तिशीच्या आतबाहेरचा, उंच, आणि इतका हडकुळा की शाळेचा चपराशी म्हणायचा, विलायतेत दुष्काळ पडलेला दिसतो. पुढं कळलं, चपराशी फारसा चुकला नव्हता.

माझं घर अमरावतीजवळच्या एका खेड्यात. काळीची जमीन, पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या कापसाला असा भाव चढला की लोकांनी तुरीची वावरं मोडून पऱ्हाटी लावली. कुणी बंडीच्या चाकांना चांदीच्या पट्ट्या ठोकल्या असं ऐकू यायचं. त्या मी पाहिल्या नाहीत, पण बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या. सगळं गाव खुशीत होतं. माझा बा मात्र खुशीत नव्हता. तो म्हणायचा, "दुसऱ्याच्या घराले आग लागली म्हनून आपल्या चुलीवर ऊब आली. हे किती दिवस राह्यते?" अमरावतीच्या बाजारात इंग्रज कंपन्यांचे दलाल फिरायला लागले, तसा त्याचा संशय आणखी वाढला. ते आपसात इंग्रजीत बोलत आणि हसत. का हसतात, हे बाला समजेना. म्हणून त्यानं मला इंग्रजी शिकायला अकोल्याला मामांकडं ठेवलं. विद्या वगैरे त्याच्या डोक्यात नव्हती. घरात एका माणसाला ते हसणं समजावं, एवढंच होतं.

मामांची अकोल्यात कापसाची अडत. शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला विकून द्यायचा आणि मधे आपली दलाली घ्यायची, हा धंदा. त्या धंद्यात माणूस कुणावर विश्वास ठेवायला शिकत नाही. गठ्ठ्यात पाणी कुठं मारतात, सरकी कशी मिसळतात, मधोमध दगड कसा बसवतात, हे मामांना पाठ होतं. कारण ते सगळं त्यांच्याच अंगणात चालायचं. त्या वर्षांत कसाही माल खपत होता. ओला द्या, मातीचा द्या, घेणारा हात पुढं करूनच उभा.

हेडमास्तर साहेबाबद्दल मामांना पहिली शंका आली ती रविवारी. छावणीतले बाकीचे गोरे प्रार्थनेला जमत. हा जात नसे. बंगल्याच्या ओसरीत आपलं पुस्तक घेऊन एकटा बसे. दुसरी गोष्ट, जिल्ह्याचा मोठा साहेब त्याला जेवायला बोलावत नसे. ही खबर चपराश्यानं आणली होती, आणि त्याला ती मोठ्या साहेबाच्या खानसाम्यानं दिली होती. तिसरी गोष्ट, त्याची मराठी. पुण्याच्या कुणा शास्त्रीबुवांकडून तो ती शिकून आला होता आणि पोथी वाचल्यासारखा बोलायचा.

"आपल्या लोकांत बसत नाही, तो आपल्यात येऊन काहून बसते?" मामा म्हणाले. "याले जातीबाहेर टाकला हाय, लिहून ठेव."

मला ते पटलं. कारण हा साहेब इतर मास्तरांसारखा मारत नव्हता, शिव्या देत नव्हता, आणि शाळा सुटल्यावर मला थांबवून फुकट शिकवत होता. फुकट काही मिळालं की वऱ्हाडी माणूस आधी मागं वळून पाहतो. तो म्हणायचा, मुंबईत नवी युनिव्हर्सिटी निघाली आहे, तिची प्रवेशाची परीक्षा, म्हणजे मॅट्रिक, तू दे, तुझ्यात ते आहे. माझ्यात काय आहे हे माझ्या घरच्यांना दिसलं नव्हतं, ते याला कसं दिसलं? मी मान हलवायचो आणि घरी येऊन मामांना सगळं सांगायचो.

एका सकाळी साहेब अडतीवरून चालला होता. चालतच जायचा, घोडा त्याच्याकडं नव्हता. दारात माल उतरवत होते. तो थांबला, बंडीतून चिमूटभर कापूस घेतला, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूहळू ओढत तंतू सरळ केले आणि आपल्या काळ्या कोटाच्या बाहीवर ठेवून पाहिले. मग ते फुंकून टाकले आणि निघून गेला.

मामा गादीवरून अर्धे उठले होते. "पाह्यलं?" ते मला म्हणाले. "असा धागा ओढनारा मास्तर नसते. हा कंपनीचा मानूस हाय. शाळेच्या नावानं इथं बसून भावाची खबर धाडून राहिला."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी साहेबाला अडतीवर बोलावणं पाठवलं. मी मधे बसायचं आणि तो काय बोलतो ते नीट ऐकायचं, असं ठरलं. साहेब आला, टोपी मांडीवर ठेवून गादीच्या कडेला अवघडून बसला. मामांनी सुपारी पुढं केली आणि आडपडदा न ठेवता विचारलं, "साहेब, तुमी कापूस काहून पाहता?"

"मी कापसातच वाढलो," तो म्हणाला. "माझे वडील कापडाच्या गिरणीत विणकर आहेत. म्हणजे होते. आता गिरणी बंद आहे. आमच्या गावातल्या सगळ्या गिरण्या बंद आहेत. लोक धर्मादाय वाटलेले पातळ सार पिऊन दिवस काढतात."

"पन आमचा कापूस तर तिकडंच जाऊन राहिला."

"पोहोचतो. शेजारच्या गावात एक-दोन गिरण्या चालतात, तिथल्या बायका त्याला शिव्या देतात."

"कोनाले?"

"आधी कापसाला. मग गठ्ठ्यात ज्याने दगड घातला त्याला."

मामांच्या पाठीमागं अंगणात दोघं जण तेव्हाच एका गठ्ठ्यावर पाणी शिंपडत होते. साहेबाला ते दिसत होतं. मामांना ते त्याला दिसतंय हे दिसत होतं.  मग मामांनी बाजू बदलली.

"मंग विनकराच्या पोराले मास्तर कोनं केलं?"

साहेबानं त्या दिवशी जे सांगितलं, ते मी नंतर त्याच्याकडून अनेकदा ऐकलं. पण पहिल्यांदा ऐकलं ते मामांच्या चेहऱ्याकडं बघत. त्याच्या देशात दोन फार जुन्या युनिव्हर्सिट्या होत्या. तिथं पदवी हवी तर राजाच्या धर्मपंथाची शपथ घ्यावी लागे. याच्या घराण्याचा पंथ वेगळा, देऊळ वेगळं. त्यामुळं तो लहान होता तेव्हा ती दारं त्याच्यासारख्यांना बंद होती. मग लंडनात काही लोकांनी नवी युनिव्हर्सिटी काढली, पंथ न विचारणारी. मोठ्या लोकांनी तिची फार टिंगल केली. पण ती राहिली, आणि आता तर गिरण्यांच्या गावांतही नवी कॉलेजं निघत होती. हा दिवसा गिरणीच्या कचेरीत काम करी, संध्याकाळी वाची, आणि परीक्षा देऊन पदवीधर झाला. मुंबईची युनिव्हर्सिटी त्याच लंडनच्या नमुन्यावर बेतली आहे, असं तो म्हणाला.

"गुरू कोन होता तिथं?" मामांनी विचारलं.

"युनिव्हर्सिटीत गुरू नाही. ती शिकवत नाही."

"शिकवत नाही?"

"नाही. शिकायचे कुठेही. ती फक्त परीक्षा घेते."

"मंग घरी पाहुनचार काहीच नाही, अन् पत्रावळ तेवढी मोजून घेते," मामा म्हणाले. साहेबाला ते कळलं नाही. तो हसला, आणि हसला म्हणून मामांचा संशय आणखी पक्का झाला.

तो गेल्यावर मामांनी मला समोर बसवलं. "ऐक. याच्या देशातल्या मोठ्या लोकायनं याले दारात उभं नाही केलं. मंग याच्यासारख्यायनं वेगळी चूल मांडली. आता तीच चूल मुंबईत मांडली हाय, अन् शिजवाले तुले नेऊन राहिले. एकदा तिकडं गेला का डबलरोटी खाऊ घालतेत, पानी पाजतेत, झालं. पोट्टं बाटलं."

मला बाटण्याची भीती होतीच, पण माझी शंका थोडी वेगळी होती. जिल्ह्याचा साहेबच ज्या पदवीला किंमत देत नाही, ती मी का मिळवायची? एका संध्याकाळी वर्गात दोघंच होतो तेव्हा मी विचारून टाकलं.

"सर, मोठे साहेब तुम्हाला जेवायला का बोलवत नाहीत?"

त्यानं हातातला खडू खाली ठेवला. मला वाटलं, आता काही खरं नाही. "एकदा बोलावले होते," तो म्हणाला. "त्यांनी विचारले, तुम्ही कोणत्या कॉलेजात होता. मी सांगितले, कोणत्याच नाही. त्यानंतर त्यांनी हवेबद्दल विचारले."

"म्हणजे?"

"म्हणजे जेवण संपेपर्यंत आम्ही हवेबद्दलच बोललो." आणि त्यानं पुन्हा खडू उचलला.

परीक्षेचे दिवस जवळ आले तसा मामांनी बाला निरोप धाडला. बा दमणी जुंपून अकोल्याला आला. मला वाटलं, मला परत न्यायला आला. त्यानं मामांचं सगळं ऐकून घेतलं, मला ऐकून घेतलं, मग काठी उचलून एकटाच साहेबाच्या बंगल्यावर गेला. तिथं काय बोलणं झालं ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. परत आल्यावर एवढंच म्हणाला, "जाचं. पन मी संगं येतो."

"भाऊजी, तुमी तिथं काय करसान?" मामा म्हणाले.

"पाहत बसीन."

रेल्वे तेव्हा भुसावळपर्यंतच आली होती. अकोल्याकडं रुळांचं काम चालू होतं. आम्ही भुसावळपर्यंत बंडीनं आणि पुढं आगगाडीनं गेलो. मायनं दिलेलं ज्वारीचं पीठ, तिखट आणि शेंगदाण्याची चटणी बानं एका पोत्यात घातली होती आणि ते पोतं सबंध वाटेत मांडीखाली ठेवलं. मुंबईत आम्ही धर्मशाळेत उतरलो. पाणी तो स्वतः विहिरीतून ओढायचा. भरलेल्या घागरीला कुणाला हात लावू द्यायचा नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याला युनिव्हर्सिटी पाहायची होती. मी त्याला टाउन हॉलपाशी घेऊन गेलो. रुंद पायऱ्या, जाड जाड खांब. बानं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दारातल्या पट्टेवाल्याला विचारलं, "ही युनिव्हर्सिटी होय?"

"हा टाउन हॉल. परीक्षा इथं होते."

"मंग युनिव्हर्सिटी कुठं हाय?"

"तीपण इथंच."

"इथं कुठं?"

पट्टेवाल्यानं आत हात केला, बाहेर हात केला, आणि शेवटी म्हणाला की तिची स्वतःची इमारत अजून व्हायची आहे.  बाला ते खरं वाटलं नव्हतं. मी दुपारी वाचत बसलो तेव्हा तो एकटा बाहेर पडला आणि दिसेल त्याला युनिव्हर्सिटी कुठं आहे म्हणून विचारत हिंडला. कुणी त्याला कोर्टापाशी पाठवलं, कुणी दवाखान्यापाशी. परत आला तो पार गोंधळून. वाटेत त्याला लोक कसल्याशा कागदाच्या तुकड्यांसाठी रेटारेटी करताना दिसले होते. समुद्र बुजवून जी जमीन निघणार, तिचे ते हिस्से.

"पोरा," तो पोतं सोडता सोडता म्हणाला, "जमीन पान्याखाली हाय अन् इकून राहिले. युनिव्हर्सिटी दिसत नाही अन् पोट्टे बोलावून राहिले. या गावात जे दिसत नाही तेच इकते. तू हुशार राह्य."

परीक्षेच्या दिवसांत मी आत जायचो आणि तो वरच्या पायरीवर काठी घेऊन बसायचा. शिपायानं उठवलं की एक पायरी खाली सरकायचा. मधल्या सुटीत मी बाहेर आलो की पहिलं वाक्य, "तोंड उघड." मी तोंड उघडायचो. तो वास घ्यायचा. आत कुणी काही चारलं तर नाही ना, याची ती तपासणी. पुण्या-मुंबईची मुलं पाहून हसायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण त्याला अडवायची माझी छाती नव्हती.

"आत काय करतेत?" तो विचारायचा.

"लिहायला देतात."

"बोलत नाही कोनी?"

"नाही."

"धर्माचं काही इचारलं?"

"नाही, बा. त्रिकोणाचं विचारलं."

 धर्माचं न विचारणं त्याला विचारण्यापेक्षाही जास्त खटकत होतं. मेघ दिसत नाहीत म्हणून पाऊस येणार नाही असं समजणारा तो माणूस नव्हता.

आम्ही परत आलो. निकालाची खबर साहेबानं स्वतः आणली. कापसाचा ऐन हंगाम होता, अडतीचं अंगण बंड्यांनी भरलं होतं, आणि बा त्याच दिवशी माल घेऊन आला होता. साहेब बैलांमधून वाट काढत आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि त्या पोथीतल्या मराठीत म्हणाला, "तू इंग्रजीत अनुत्तीर्ण झालास. इतर विषयांत झाला नाहीस. मला वाईट वाटते."

 मामा गादीवरून म्हणाले, "घ्या! येवढ्या दूर नेऊन पोराले नापास केलं." त्यांच्या आवाजात दुःख कमी आणि समाधान जास्त होतं.

बा बंडीवरून खाली उतरला. तो साहेबाजवळ गेला.

"मुंबईत पेपर तपासनारा साहेब तुमच्या वळखीचा हाय का?"

"नाही."

"हा तुमचा पोट्टा हाय, हे त्याले मालूम होतं?"

"नाही. कागदावर नाव नसते. आकडा असतो."

"तुमी चिठ्ठी देल्ली असती तं पास केला असता?"

"नाही," साहेब म्हणाला. "आणि मी दिली नसती."

बानं अंगणाकडं पाहिलं. एका बाजूला त्याचाच माल काट्यावर चढत होता. त्यात पालापाचोळा होता, बोंडांची टरफलं होती, आणि कुणी ते पाहतही नव्हतं.

"साळेबुवा," तो मामांना म्हणाला, "दोन-तीन सालापासून कसाही माल आनून राहिलो मी. ओला आनला, घेतला. कचरा आनला, घेतला. कोनी म्हटलं नाही का हे परत ने. तवापासून मले धाकधूक, का हे लोक काय घेऊन राहिले अन् काहून घेऊन राहिले. याले बाटवाचंच असतं तं पास करून गळ्यात हार घातला असता. यायनं परत पाठवला. म्हंजे यायले पारख हाय."

 साहेबानं टोपी काढली आणि हातात धरून उभा राहिला. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी बाकडं पाहून काहीतरी वेगळंच वाटत होतं. माझ्या बापानं माझी तुलना पालापाचोळ्याच्या कापसाशी केली होती आणि मला ती सन्मानासारखी लागली होती.

"पुढच्या साली पाठवतो," बा म्हणाला. मग साहेबाकडं बोट करून, "पन तुमच्यावर माहा अजून इश्वास नाही."

"ठीक आहे," साहेब म्हणाला.

त्या वर्षी त्यानं माझ्याकडून रोज मोठ्यानं इंग्रजी वाचून घेतलं. माझे वऱ्हाडी उच्चार ऐकून त्याला कधी हसू आलं नाही. त्याच्या स्वतःच्या गिरणीगावच्या इंग्रजीलाही मोठे साहेब हसत, हे मला चपराश्याकडून कळलं होतं. अमेरिकेतली लढाई थांबली. तिकडचा कापूस पुन्हा विलायतेला जाऊ लागला आणि आमच्याकडचा भाव दाणकन खाली आला. अडतीच्या अंगणात माल पडून राहू लागला. आता घेणारे गठ्ठे फोडून पाहत होते. मामांनी पाणी शिंपडणारी माणसं काढून टाकली. बाला त्यात नवल वाटलं नाही. उलट तो थोडा सैलावला, जणू बरेच दिवस अडकून राहिलेली खबर शेवटी पोहोचली होती.

दुसऱ्यांदा मी एकटा गेलो. बा अकोल्यापर्यंत आला, पीठ दिलं, आणि म्हणाला, "पायरीवर बसाले येत नाही आता. तूच पाह्य." मी पास झालो. अमरावतीच्या शाळेत मला मास्तरकी मिळाली, आणि पुढं कॉलेजात जायचं ते राहून गेलं. घरी वावर होतं, धाकटी भावंडं होती. पदवी माझ्या नावापुढं कधी लागली नाही. इंग्रज दलाल आपसात का हसत, हे मात्र मला कळू लागलं. ते बहुधा आपल्याच कंपनीच्या साहेबाला हसत असत. बाला सांगितलं तेव्हा त्याचा विश्वास बसला नाही.

साहेबाची बदली दक्षिणेत झाली तेव्हा आगगाडी अकोल्याला येऊ लागली होती. मी अमरावतीहून त्याला पोहोचवायला गेलो. मामाही आले. साहेबाजवळ एक पेटी आणि पुस्तकांचे दोन गठ्ठे, एवढंच सामान. छावणीतलं कुणी आलं नव्हतं.

"तुझ्या वडिलांचे माझ्याबद्दल काय मत झाले शेवटी?" त्यानं डब्याच्या दारातून विचारलं.

मला खोटं सांगता आलं असतं. "अजून ठरलं नाही त्यांचं," मी म्हणालो.

तो खूप हसला. अकोल्यात त्याला इतकं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "माझ्या वडिलांचेही ठरलेले नाही," तो म्हणाला. "त्यांना वाटते, ज्या युनिव्हर्सिटीने मला आत घेतले तिच्यात काहीतरी खोट असणारच."

गाडी हलली. त्यानं हात बाहेर काढला, मीही हात हलवला. मला वाटलं, आता निघावं. पण मामा जागचे हलेनात. धूर दिसेनासा होईपर्यंत ते रुळांकडं टक लावून उभे राहिले. साहेब पुढच्या स्टेशनावर उतरून परत येत नाही ना, याची त्यांना खात्री करून घ्यायची होती.